बारा नंबरचा फेडर

कार्यक्रमाला गेलात की एकदा मागे वळून बघा. हॉलच्या अगदी शेवटी, जिथे पंख्याचा वारा पोचत नाही आणि बाथरूमचं दार सारखं वाजत असतं, तिथे लुकलुकत्या दिव्यांची एक पेटी टेबलावर मांडून एक माणूस उभा असतो. तो मी. साउंडवाला. माइकने शिट्टी मारली की चारशे माणसं एकदम मान वळवून माझ्याकडे रागाने बघतात. बाकीचे तीन तास मी तिथे आहे हे चहावाल्याच्याही लक्षात नसतं.

तीसेक वर्षं हे काम केलं. वसईजवळ होळी नावाच्या गावात आमची वाडी आहे. केळी, भाजी, थोडी फुलं. थोरला भाऊ पहाटे उठून पाणी सोडायचा आणि मी लग्नाच्या मांडवात बांधलेल्या कर्ण्याखाली जाऊन बसायचो. वडील म्हणायचे, "ह्याला त्या कर्ण्यातच घाला एकदा." त्यांचं म्हणणं मी फारच मनावर घेतलं. आता निवृत्त झालो म्हणायचं, पण खरं म्हणजे काम मला सोडून गेलं. संपादकांनी सांगितलं, गमतीदार अनुभव लिहा. गमतीदार आहेत, सांगतोही. पण लेखणी हातात घेतली ती एका बाईंच्या गाण्यासाठी. आजाराने त्यांचं अर्धं गाणं नेलं होतं. उरलेलं अर्धं माझ्यामुळे गेलं, आणि ते कसं गेलं हे मला एकदा सरळ सांगून टाकायचं आहे.

आधी काम समजून घ्या. त्या पेटीला मिक्सर म्हणतात. घरातल्या मिक्सरशी त्याचा संबंध नाही, हे मी लग्नानंतर सासरच्यांना वर्षभर समजावत होतो. मंचावरचा प्रत्येक माइक आणि प्रत्येक वाद्य तारेने ह्या पेटीत येतं आणि प्रत्येकाला एक सरकती खुंटी असते, तिचं नाव फेडर. वर सरकवली की आवाज वाढतो, खाली ओढली की नाहीसा होतो. एवढंच. कोणालाही पाच मिनिटांत शिकवता येईल. शिकवता येत नाही ते हे, की गाणारा पुढच्या क्षणाला काय करणार ते बोटांना आधी कळावं लागतं. माझे गुरू दादरचे, फार तुसडे. ते म्हणायचे, "गाणं सुधारायला तुला कोणी बोलावलेलं नाही. जसं आलं तसं शेवटच्या रांगेपर्यंत पोचव आणि घरी जा." कार्यक्रमाच्या बुकिंगला आमच्यात सुपारी म्हणतात, तेव्हा घाबरू नका. महिन्याला आठ-दहा सुपाऱ्या असत. साखरपुडे, हळदी, सोसायट्यांच्या पूजा, मंडळांचे वर्धापनदिन.

माणसं एकेक भेटली. प्रमुख पाहुणे नावाची जात तर सर्वांना ठाऊक आहे. ते माइकवर आधी टिचक्या मारतात, मग फुंकर घालतात आणि शेवटी विचारतात, "आवाज येतोय ना?" एका हळदीला यजमानांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "बॉक्सची तोंडं पाहुण्यांकडे नकोत, त्या कुंपणापल्याडच्या घराकडे करा." तिथे त्यांचा सख्खा भाऊ राहत होता, बांधावरून भांडण, आमंत्रण नव्हतं. मी पुष्कळ समजावलं, पण ज्याचं लगीन त्याची मर्जी. तासाभराने भाऊ तणतणत आला. शिव्या द्यायलाच आला होता. पण ढोलकी ऐन रंगात होती, त्यात कोणी तरी हाताला धरून पंगतीत बसवलं. मटण खाऊन गेला. दुसऱ्या वर्षी त्याच भावाच्या मुलीच्या हळदीची सुपारी मला आली. असं काही घडायचं, म्हणून अंगावर घाम असला तरी मजा होती.

आमचा एक ऑर्केस्ट्रा होता. अकरा जणांचा. त्यातले चारच जण ह्या गोष्टीत लागतील. कीबोर्ड वाजवायचा पास्कल, जवळच्याच गास गावचा, घरची शेती सांभाळून. ढोलकीला बाबू, खाडीकाठच्या गावचा, दिवसा टेम्पो चालवायचा. बासरीला अण्णा, वयाने सगळ्यांत मोठे, बोलायला सगळ्यांत कमी. आणि गाणाऱ्या वंदनाताई.

वंदनाताई नालासोपाऱ्यात एका शाळेत क्लार्क होत्या. माहेर कोकणातलं, सासरही. आठवडाभर फी आणि दाखले, शनिवार-रविवार गाणं, असं त्यांचं वीस-बावीस वर्षं चाललं होतं. मोठ्या नाव मिळवणाऱ्या गायिका त्या नव्हत्या, व्हायचंही नव्हतं. पण एक गोष्ट त्यांच्यात होती. एकच गाणं त्यांनी माझ्यासमोर दोनशे वेळा तरी गायलं असेल, पण त्यातली हरकत कधी दोनदा सारखी घेतली नाही. कधी वरून यायच्या, कधी मध्येच थांबून हसल्यासारखं करून खाली उतरायच्या. बाबू त्यांच्या तोंडाकडे बघून वाजवायचा. मी फेडरवर बोट ठेवून त्यांच्या खांद्याकडे बघायचो, कारण वरचा स्वर घ्यायच्या आधी त्यांचा डावा खांदा किंचित उचलायचा. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या. साउंड चेकला आल्या की सांगायच्या, "शेखर, आज घसा जड आहे. चमक घालू नकोस उगाच. जड तर जड ऐकू दे लोकांना."

मग टाळेबंदी आली. सगळ्यात आधी आम्ही बंद झालो आणि उघडलो सगळ्यात शेवटी. दारूची दुकानं उघडली, लग्नं पन्नास माणसांत लागायला लागली, पण गाणं म्हणजे थुंकी उडणार, गर्दी होणार. आम्ही काही जीवनावश्यक नव्हतो. हे छापून आलेलं वाचताना मला राग आला नव्हता, लाज वाटली होती. इतकी वर्षं आपण करत होतो ते नसलं तरी चालतं, हे सरकारी कागदावर वाचायला मिळालं. बाबू टेम्पोत कांदे-बटाटे घालून इमारतींच्या दारात विकायला लागला. पास्कलला निदान शेत होतं. एकदा पालकाच्या जुड्या घेऊन आमच्या दारात आला, तोंडावर पंचा बांधलेला. म्हणाला, "चर्च बंद, मिस्सा मोबाइलवर. पालकाला मात्र कळत नाय, तो उगवतोच." आम्ही दोघं फाटकाच्या दोन बाजूंना उभे होतो. हसलो, पण किती वेळ हसणार.

मग आम्हीही मोबाइलवर जायचं ठरवलं. चौघं आपापल्या घरी, सगळ्यांनी एकदम वाजवायचं. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की आवाजाला इंटरनेटवरून पोचायला वेळ लागतो. वंदनाताई ओळ म्हणायच्या, ती बाबूला क्षणभर उशिरा पोचायची, त्यावर तो ठेका द्यायचा, तो ताईंना आणखी उशिरा. ताई थांबायच्या, बाबू थांबायचा, मग दोघं एकदम सुरू. पास्कलच्या मागे कोंबडा आरवायचा तो तेवढा तालात वाटायचा. अर्ध्या तासाने अण्णा बासरी खाली ठेवून म्हणाले, "एका खोलीत नसलो तर वाजवता येत नाही, हे आधी माहीत नव्हतं." अण्णांचं इतकं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

शेवटी युक्ती निघाली. सगळ्यांनी एकाच ठोक्यावर, पण वेगवेगळं वाजवायचं आणि रेकॉर्ड करून मला पाठवायचं. ठोका कानातल्या इअरफोनमध्ये टिक-टिक असा वाजत राहतो, त्यामुळे वेग चुकत नाही. आधी पास्कल, त्यावर बाबू, त्यावर अण्णा आणि सगळ्यात शेवटी ताई. मी ते कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवायचं. वंदनाताई कपाटाचं दार उघडून, आत गोधड्या लटकवून, त्यात तोंड घालून गायल्या, म्हणजे शेजारच्यांच्या कुकरची शिटी आणि भांडण येऊ नये. चौदा गाणी झाली. ती आम्ही फेसबुकवर टाकली, लोकांनी फुलं आणि अंगठे पाठवले. पोट त्याने भरलं नाही, पण आम्ही अजून आहोत असं वाटलं.

त्यानंतरचा उन्हाळा सगळ्यांना आठवतो. अण्णा गेले. त्यांच्या अंत्यविधीला आमच्यातलं कोणीच नव्हतं, त्यांचा मुलगासुद्धा दुरूनच होता. वंदनाताई सतरा दिवस हॉस्पिटलमध्ये, त्यातले नऊ ऑक्सिजनवर. परत आल्या. त्यांच्या मिस्टरांनी फोनवर सांगितलं, "बोलते, पण मध्ये मध्ये थांबून बोलते." मी देवाला हात जोडले. गाण्याचा विचार तेव्हा मनात आला नव्हता, हे खरंच सांगतो.

हॉल उघडले ते अर्ध्या खुर्च्यांवर. एक सोडून एक खुर्चीवर कागद चिकटवलेला. वसईतल्या एका मंडळाने आम्हाला बोलावलं. ही पहिली सुपारी, दीड वर्षांनी. अकरांतले पाच उरलो होतो. कोणी गावी गेलं, कोणी रिक्षा घेतली, कोणी गेलंच. ही सुपारी बिघडली तर पुढची येणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. पास्कलने सुचवलं, अण्णांची बासरी रेकॉर्ड आहेच, तीच वाजवू. मंचावर त्यांच्या खुर्चीवर हार ठेवू. सगळ्यांचे डोळे भरून आले. त्यात वाईट काहीच नव्हतं, आजही मला तसं वाटत नाही.

पण त्यासाठी माझा लॅपटॉप मिक्सरला जोडावा लागला. पास्कल आणि बाबू इअरफोनवर टिक-टिक ऐकत वाजवणार, म्हणजे अण्णांच्या बासरीशी जुळेल. टाळेबंदीत केलेलं प्रत्येक रेकॉर्डिंग लॅपटॉपमधून वेगळ्या फेडरवर येत होतं. अकरा नंबरला अण्णांची बासरी, ती मी वर ठेवली. बारा नंबरला वंदनाताईंचा कपाटातला आवाज. तो पूर्ण खाली. ताई मंचावर समोर उभ्या राहून गाणार होत्या, त्यांचा माइक तीन नंबरला. पण लॅपटॉप चालू असेपर्यंत बारावरची ती जुनी वंदनाताई मुकाट्याने सोबत गात राहणार होती.

तालमीला ताई आल्या. खूप बारीक झालेल्या. दुसऱ्या ओळीला श्वास तुटला. बसल्या, पाणी प्यायल्या, परत उठल्या. पास्कल म्हणाला, "ताई, पट्टी उतरवू. रेकॉर्ड केलेली बासरी तेवढी सोडून देऊ." त्या म्हणाल्या, "अण्णांना सोडून नाही गायचं. आणि पट्टी तीच राहू दे. जिथे तुटेल तिथे तुटेल. लोकांनीही दोन वर्षं बघितलीच आहेत, त्यांना कळेल." बाबू म्हणाला, "ताय, तू फकस्त उभी रहा, मी ठेक्यात भरून काढतो." त्या हसल्या. मला उद्देशून म्हणाल्या, "शेखर, सांभाळून घे." हे त्या नेहमीच म्हणायच्या. ह्या तीन शब्दांमागे मी पुढे पुष्कळ दिवस लपलो.

कार्यक्रम संध्याकाळी सहाला. मंडळाचे चिटणीस माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले. बँकेतून निवृत्त झालेले, नीटनेटके, पिशवीत सॅनिटायझरची बाटली. पहिली दोन गाणी पास्कल आणि दुसऱ्या एका गायकाने काढली. तिसरं ताईंचं. मुखडा त्यांनी म्हटला, थोडा थरथरत, पण त्यांचाच. लोक शांत बसले होते. अंतऱ्याला वर जायचं होतं. डावा खांदा उचलला. स्वर लागला आणि मध्येच फाटला, नुसती हवा आली. त्या थांबल्या. बाबूने ठेका भरला, म्हटल्याप्रमाणे. ताईंनी परत खांदा उचलला.

पुढच्या रांगेत कोणी तरी खोकलं. चिटणिसांनी माझ्याकडे बघितलं. माझं डावं बोट तीन नंबरवर होतं. ते मी खाली ओढलं आणि उजव्या बोटाने बारा वर सरकवला.

एवढंच केलं. दोन बोटं, दीड-दोन इंच. हॉलमध्ये वंदनाताईंचा आवाज घुमला, आजाराच्या आधीचा, भरलेला, गोल. अंतरा सरळ वर गेला. टाळ्या पडल्या, मध्येच, ओळ पुरी व्हायच्या आत. वंदनाताईंचे ओठ क्षणभर तसेच राहिले. त्यांनी स्वतःचाच आवाज ऐकला. मग त्या हळूहळू ओठ हलवायला लागल्या आणि गाणं संपेपर्यंत हलवत राहिल्या. त्यांची नजर सगळ्या खुर्च्यांवरून थेट माझ्याकडे होती. इतक्या वर्षांत कार्यक्रम चालू असताना त्यांनी कधी माझ्याकडे बघितलं नव्हतं.

गाणं संपलं आणि वन्स मोअर आला. लोक उभे राहिले. मी पास्कलकडे बघितलं, पास्कलने माझ्याकडे. काय करणार होतो? लॅपटॉपवर गाणं मागे नेलं आणि पुन्हा सोडलं. ताई पुन्हा उभ्या राहिल्या आणि पुन्हा ओठ हलवले. पुढच्या रांगेतले एक रसिक आजोबा मध्यंतरात मुद्दाम मागे आले आणि मला म्हणाले, "काय बाई आहेत हो! दोन्ही वेळा ती हरकत अगदी तश्शीच्या तश्शी. रियाज म्हणतात तो हा." मी मान हलवली.

बाबूला फसवता येणं शक्य नव्हतं. तो पाण्याची बाटली घेऊन माझ्याजवळ आला. "दादा, ताय दोन टायमाला सेम गायली. आजपातूर असा कवा झाला नाय." त्याने झाकण उघडलं, परत लावलं आणि पाणी न पिता गेला.

ताईंनी उरलेली दोन गाणी गायली नाहीत. तब्येतीचं कारण सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवून निरोप दिला. सामान बांधताना त्या माझ्या टेबलाशी आल्या. मी आधीच तयारी करून ठेवली होती, मंडळाचं नाव, आपली इज्जत, पुढची सुपारी, तुम्हीच म्हणालात सांभाळून घे. त्यांनी विचारलं, "मला विचारलं का नाहीस?"

"वेळ नव्हता, ताई."

"वेळ होता. वन्स मोअरच्या आधी होता. विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाहीस." त्या थांबल्या, श्वास घेतला. "मी तुटले असते तर ते माझं तुटणं होतं रे. लोकांनी मला परत बोलावलं असतं किंवा नसतं बोलावलं. आता ज्या बाईला ते बोलावतील ती मी नाही."

पदर सावरून त्या निघून गेल्या. मी मागे जायला हवं होतं. मी तारा गुंडाळत बसलो.

आणि चिटणीस? ते शेजारी बसून सगळं बघत होते. माणूस वाईट नव्हता, उलट त्यांना कौतुक वाटलं. त्यांनी लॅपटॉपकडे बोट दाखवून विचारलं, "म्हणजे बाई आल्या नसत्या तरी चाललं असतं?" मी हसून म्हटलं, "तसं चाललं असतं." ह्या एका वाक्यासाठी माझी जीभ कापून ठेवायला हवी. वर त्यांनी आठवण म्हणून सगळी गाणी मागितली, तर पुढच्या सुपारीच्या आशेने मी पेन ड्राइव्हमध्ये चौदाच्या चौदा भरून दिली. आपल्या पायावर धोंडा मारून घेतात म्हणतात. मी तो धोंडा दुसऱ्यांच्या पायांवर मारला.

पुढच्या वर्षी त्यांचा फोन आला. खुर्च्यांवरचे कागद निघाले होते, मास्क निघाले होते. म्हणाले, "ह्या वेळी फक्त तुम्ही या, लॅपटॉप घेऊन. बाकीच्यांना कशाला त्रास? मंडळातल्या दोन मुली उभ्या करू, त्या ओठ हलवतील. दिसायलाही बरं." मी हो म्हटलं. असे तीन कार्यक्रम केले, हे मी लपवणार नाही. एक बटण दाबून तीन तास उभं राहायचं. बोटांना काही काम नाही. पास्कलने कीबोर्ड गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला. त्याला एकदा चुकून म्हणालो, "ये की ऐकायला." तो म्हणाला, "काय ऐकायला? मीच वाजवलंय ते. घरी बसून." बाबू पूर्णवेळ टेम्पोवर आहे. ढोलकीची शाई गेली, भरून घेतलेली नाही.

लोक मला पेपर दाखवतात. बघा, लाइव्ह म्युझिक परत आलं, मोठमोठ्या मैदानांत हजारो माणसं, तिकिटं मिळत नाहीत. येऊ देत. ते आमचं नव्हतंच कधी. आमचं होतं ते चारशे खुर्च्यांचं, पूजेचं, हळदीचं, जिथे गाणारी बाई दुसऱ्या दिवशी तुमच्या मुलाचा दाखला काढून द्यायची. ते परत येणार नाही. साथीने ते बंद केलं हे खरं, पण बंद पडलेलं परत उघडता आलं असतं. ते नसलं तरी भागतं, हे लोकांना कळल्यावर मग कोण उघडतं? आणि वसईच्या त्या हॉलमध्ये ते त्यांना मी दाखवून दिलं. आमचे काही दोस्त म्हणतात, शेखर, तू नसतं केलंस तर दुसऱ्या कोणी केलं असतं. असेल. पण दुसऱ्या कोणी वंदनाताईंचा माइक खाली ओढला नसता.

तीन वर्षं मी त्यांच्याकडे गेलो नाही. होळीहून नालासोपारा किती जवळ आहे ते वसईतल्या कोणालाही विचारा. दर दिवाळीला बायको म्हणायची, "फराळ घेऊन जा, पाया पड, मोकळा हो." मी म्हणायचो, बघू.

ह्या वर्षी गणपतीत गेलो. संध्याकाळचे साडेसहा-सात. इमारतीच्या खालीच मंडप, दिव्यांच्या माळा, गर्दी. जिन्याजवळ पोचलो आणि पाय जागीच थांबले. मंडपातून वंदनाताई गात होत्या. तेच गाणं, तोच अंतरा. छोट्या मंचावर नऊवारी नेसलेली एक मुलगी हातात माइक धरून ओठ हलवत होती. पेन ड्राइव्ह कुठून कुठे फिरला असेल ते माझ्यासारख्या माणसाला सांगायची गरज नाही. मुलांनी शिट्ट्या मारल्या. हरकत आली, अगदी तश्शीच्या तश्शी.

पहिल्या मजल्यावर ताईंनीच दार उघडलं. केस पांढरे झालेले. "अरे शेखर! ये, ये." जणू मी मागच्याच आठवड्यात येऊन गेलो होतो. मिस्टर आरतीला खाली गेले होते. त्यांनी चहा टाकला, करंजी दिली, वाडीची चौकशी केली. खिडकी उघडी होती आणि त्या खिडकीतून त्यांचा आवाज सरळ खोलीत येत होता. तो ऐकू येत नसल्यासारख्या त्या साखरेचा डबा शोधत होत्या. गुडघे कसे आहेत, श्वास कसा आहे, सगळं विचारून झालं. आता बोलायचंच म्हणून मी कप खाली ठेवला. "ताई, मी एक सांगायला..."

दारावर टकटक झाली. शेजारीण होती, नवीन भाडेकरू, उत्तरेकडची कुठली तरी, हातात प्रसादाची वाटी. तिने वाटी दिली आणि खिडकीकडे मान करून म्हणाली, "आंटी, नीचे वो लडकी काय मस्त गाते ना! आवाज बघा ना कसा आहे! तुम्ही पण चला ना ऐकायला."

वंदनाताईंनी वाटी घेतली. एकदा माझ्याकडे बघितलं. तो आवाज ह्यांचा आहे, हे सांगणारा त्या खोलीत दुसरा माणूस नव्हता. त्या माझी वाट बघत थांबल्या, असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. मी चहाच्या कपाकडे बघत राहिलो.

"हो," त्या तिला म्हणाल्या, "छान गाते ती. मी ऐकतेय इथूनच."